सत्तावीस गाणी, पण उलट्या क्रमाने: ऑपरेशन आयव्ही कसं ऐकावं

कॅलिफोर्नियातल्या बर्कली परिसरात मे १९८७मध्ये सुरू झालेला ऑपरेशन आयव्ही हा बँड मे १९८९मध्ये संपला. एवढ्या दोन वर्षांत त्यांनी एक अल्बम केला, सहा गाण्यांची एक छोटी तबकडी केली आणि इतर बँडांबरोबरच्या संकलनांना मोजकी गाणी दिली. बाकी काही नाही. तरीही स्का आणि पंक (वेगवान, खडबडीत रॉक) यांची गाठ घट्ट कशी मारायची हे शिकायला पुढच्या बँडांनी पुन्हा पुन्हा याच रेकॉर्डिंगकडे पाहिलं.

अडचण अशी की आज हा बँड बहुतेक जण एकाच अल्बमच्या रूपात ऐकतात. बँडच्याच नावाची ही सीडी १९९१मध्ये निघाली. तिच्यात २७ गाणी आहेत, पण ती एका वेळी, एका खोलीत केलेली नाहीत. तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग एकामागे एक जोडलेली आहेत आणि त्यांचा क्रम काळाच्या उलटा आहे. १ ते १९ हा १९८९चा अल्बम 'एनर्जी'. २० ते २५ ही १९८८ची छोटी तबकडी 'हेक्टिक'. २६ आणि २७ ही दोन गाणी १९८७च्या 'टर्न इट अराउंड' या संकलनातली. सरळ पहिल्यापासून ऐकत गेलं की बँड तयार झालेला आधी ऐकू येतो आणि शिकाऊ बँड शेवटी. त्यामुळे विसाव्या गाण्यापासून आवाज एकदम खडबडीत होतो आणि नवखा ऐकणारा समजतो की पुढची गाणी भरतीची आहेत. तशी ती नाहीत. क्रम बदलून ऐकलं की हे लगेच लक्षात येतं.

आधी ठेका समजून घेऊ

स्का हे जमैकाचं संगीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते आकाराला आलं. पुढे १९७९मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत टू टोन या लेबलभोवतीच्या बँडांनी त्यात पंकची घाई मिसळली. ऑपरेशन आयव्हीने तीच गोष्ट आणखी ताणून अमेरिकी हार्डकोरच्या, म्हणजे पंकच्याच आणखी वेगवान प्रकाराच्या, वेगापर्यंत नेली.

ठेका ओळखायचा असेल तर बोटांवर मोजा: एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि. आकड्यावर पाय आपटा. स्कामध्ये गिटार आकड्यावर वाजत नाही, 'नि'वर वाजतं. हात खालून वर जातो, म्हणजे बारीक तारांना आधी लागतो, त्यामुळे आवाज हलका आणि टोकदार येतो. वाजल्या क्षणी डावा हात तारांवरचा दाब सैल करतो, पण बोटं तारांवरच ठेवतो, म्हणजे आवाज तिथेच तुटतो. हे तुटणंच महत्त्वाचं. कॉर्ड रेंगाळली की एका 'नि'चा आवाज पुढच्या आकड्यावर सांडतो आणि ठेक्यातली उडी नाहीशी होते. शिकणाऱ्यांचं इथेच बिघडतं. उजव्या हाताकडे सगळं लक्ष जातं आणि डावा हात सैल करायचा राहतो.

पंकमध्ये गिटारचं काम उलटं असतं. मुद्दाम फाटलेला, भरलेला आवाज, जाड तारांवर खाली मारलेले सलग ठोके, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ही दोन टोकं एकाच गाण्यात जुळतात तरी कशी?

याचं उत्तर ड्रममध्ये आहे. वेगवान पंकच्या ठेक्यात मोठा ढोल आकड्यावर पडतो आणि स्नेअर (तडतडणारा छोटा ड्रम) 'नि'वर. म्हणजे स्काच्या कडव्यात ज्या जागी गिटारचा कट, म्हणजे तो तुटक ठोका, येत होता, पंकच्या भागात नेमक्या त्याच जागी स्नेअर येतो. ऐकणाऱ्याच्या अंगात बसलेली 'नि'ची ओढ तशीच राहते, फक्त ती दुसऱ्या वाद्याकडे जाते. म्हणून या बँडच्या गाण्यात कडव्यातून धृपदात जाताना झटका बसतो, पण लय सुटल्यासारखी वाटत नाही. 'साउंड सिस्टिम' हे गाणं यासाठी आधी ऐका. कडव्यात गिटारचे तुटक कट आहेत, धृपदात भरलेला आवाज. पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त 'नि'वर कोण वाजतंय एवढंच धरा. दुसऱ्यांदा बासकडे, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या गिटारकडे, कान लावा.

बास ही या बँडची खरी ताकद आहे, आमच्या मते गिटारपेक्षाही. साध्या पंकमध्ये बासवाला गिटारचाच मूळ स्वर धरून सलग वाजवतो. मॅट फ्रीमन अनेक गाण्यांत तसं करत नाही. स्वरांवरून पायऱ्या चढत-उतरत तो स्वतंत्र चाल चालवतो आणि गाणं पंकच्या वेगात गेल्यावरही ती चाल सोडत नाही. गिटार जिथे फक्त ठेका देतं तिथे सुरावट बासकडे असते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर हा निम्मा बँड गायब होतो, कारण तेवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर बाहेरच पडत नाहीत. साधे, वायरचे का होईना, हेडफोन लावाच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. स्का पंक म्हटलं की लोकांना ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा आठवतो, कारण १९९०च्या दशकात गाजलेल्या मायटी मायटी बॉसटोन्स, रील बिग फिश अशा बँडांकडे तो होता. ऑपरेशन आयव्हीकडे नव्हता. जेसी मायकल्स गायक, टिम आर्मस्ट्राँग गिटार, मॅट फ्रीमन बास, डेव्ह मेलो ड्रम, असे चौघेच. 'बॅड टाउन' या एका गाण्यात पाहुणा सॅक्सोफोन आहे, तो पॉल बे याने वाजवला आहे. बाकी सगळी स्काची भावना गिटारचा कट, बासची चाल आणि ड्रम यांतूनच उभी केली आहे. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनशिवाय स्का पंक होतं का, असा प्रश्न कुणी विचारला तर हाच अल्बम लावून द्यावा.

जुन्या श्रेयनामावलीत टिम आर्मस्ट्राँगचं नाव 'लिंट' असं आणि फ्रीमनचं 'मॅट मॅकॉल' असं दिसेल. माणसं तीच आहेत.

आता क्रमाने

सुरुवात २६ आणि २७ क्रमांकांपासून करा: 'ऑफिसर' आणि 'आय गॉट नो'. 'टर्न इट अराउंड' हे संकलन मॅक्सिममरॉकनरोल या पंक मासिकाने १९८७मध्ये काढलं. सात इंची दोन तबकड्यांचा तो संच होता आणि त्यात बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागेभोवती जमलेले बँड होते. ही जागा ३१ डिसेंबर १९८६ला सुरू झाली. पूर्वीचं गोदाम, सभासदांनी मिळून चालवलेलं. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, आणि सगळ्या वयांच्या मुलांना प्रवेश. या बँडच्या शब्दांमध्ये एकमेकांशी मारामारी करू नका, डोकं वापरा, हा धागा वारंवार येतो. तो उपदेश हवेतला नव्हता, समोर नाचणाऱ्या गर्दीला उद्देशून होता. या दोन गाण्यांत बँड नुकताच जमलेला ऐकू येतो. वेग आहे, पण वाद्यांमधली मोकळी जागा अजून सापडायची आहे.

मग २० ते २५. 'हेक्टिक' ही सात इंची तबकडी जानेवारी १९८८ची, लुकआउट रेकॉर्ड्सची तिसरी निर्मिती. लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज यांनी चालवलेलं हे लेबल तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होतं. ध्वनिमुद्रण ओकलंडच्या एका स्टुडिओत केव्हिन आर्मी या तंत्रज्ञाकडे झालं. सहा गाणी अशी: 'जंकीज रनिन ड्राय', 'हिअर वी गो अगेन', 'होबोकन', 'येलिन इन माय इअर', 'स्लीप लाँग' आणि 'हेल्दी बॉडी'.

सहा गाणी सात इंचांत बसवणं हे सोपं काम नाही. एवढ्या तबकडीच्या एका बाजूवर नीट आवाजात पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही. त्यापलीकडे गेलं की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, आवाज बारीक होतो आणि सुईचा खरखराट वर येतो. दीड-पावणेदोन मिनिटांची गाणी ही या बँडची आवड होतीच, पण माध्यमाचं मापही तेच होतं. 'येलिन इन माय इअर' मुद्दाम ऐका. गिटारचा कट इथे आधीच नीट तुटतो, पण सगळा आवाज एका सपाट भिंतीवर चिकटवल्यासारखा वाटतो. गाणं तयार आहे, जागा अजून अपुरी आहे.

इथे सीडीबाहेरचं एक गाणं मध्ये घाला: 'हँगिन आउट'. ते १९८८च्या 'द थिंग दॅट एट फ्लॉइड' या लुकआउटच्याच संकलनात आहे. २७ गाण्यांच्या सीडीत ते नाही. म्हणून ती सीडी म्हणजे बँडचं सगळं काही असं धरून चालू नये.

शेवटी १ ते १९, म्हणजे 'एनर्जी'.

'एनर्जी' दोनदा का करावा लागला

हा अल्बम आधी गिलमन स्ट्रीटच्या त्याच जागेत ध्वनिमुद्रित करायचा प्रयत्न झाला. तो मनासारखा उतरला नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या साउंड अँड व्हिजन या स्टुडिओत केव्हिन आर्मीबरोबरच तो पुन्हा केला. आपण ऐकतो तो हा दुसरा.

पहिल्या प्रयत्नात नेमकं काय फसलं हा त्या मंडळींचा मामला. पण मोठ्या, कठीण भिंतींच्या जागेत हे संगीत ध्वनिमुद्रित करणं मुळातच अवघड का असतं, ते हिशोबाने दाखवता येतं. गाण्याचा वेग मिनिटाला १८० मात्रा धरा. म्हणजे एका 'नि'पासून पुढच्या 'नि'पर्यंत सेकंदाचा एक तृतीयांश वेळ. रिकाम्या गोदामात आवाजाची घुमण विरायला एक सेकंद लागला, तरी पहिला कट विरेपर्यंत पुढचे दोन कट वाजून झालेले असतात आणि तिसरा दारात असतो. गिटारवाल्याने डावा हात कितीही वेळेवर सैल केला, तरी खोली आवाज तुटू देत नाही. संथ गाण्याला ही घुमण शोभते. स्काच्या कटाला ती मारक आहे.

दुसरी अडचण गळतीची. सगळे एकाच जागेत वाजवत असतील तर ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्येही शिरतो. मग मिक्स करताना गायकाचा आवाज वाढवला की झांजाही वाढतात, झांजा कमी केल्या की गायक दबतो. एकावेळी एक गोष्ट हलवताच येत नाही. स्टुडिओत भिंतींना शोषक आवरण असतं, ड्रम वेगळ्या खोलीत ठेवता येतात आणि गायन नंतर स्वतंत्र करता येतं. 'एनर्जी'त बासची चाल आणि गिटारचा कट एकमेकांच्या अंगावर न पडता वेगवेगळे ऐकू येतात, ते वाद्यांच्या आवाजात अशी जागा राखल्यामुळे. पॉलिश मात्र चढवलेलं नाही. गायकाचा घसा बसलेला ऐकू येतो, समूहाच्या ओरडण्यात कुणी थोडं आधी येतं, कुणी थोडं नंतर. ते तसंच ठेवलं हा शहाणपणाचा निर्णय होता. 'युनिटी' आणि 'टेक वॉर्निंग' या गाण्यांत ते सामुदायिक ओरडणं काढून टाकल्याची कल्पना करून पाहा. गाणी अर्धी होतात.

१९ गाणी सुमारे ३४ मिनिटांत संपतात, म्हणजे एका गाण्याला सरासरी पावणेदोन मिनिटं. पहिलंच 'नॉलेज' तेवढ्याच्या आत आटोपतं आणि ते जवळजवळ शुद्ध पंक आहे. स्का ऐकायला आलेल्या माणसाला सुरुवातीलाच चकवा बसतो. दुसऱ्या गाण्याला ठेका उलटतो. क्रम लावणाऱ्यांनी हे आत-बाहेर जाणं अल्बमभर सांभाळलं आहे, म्हणून गाणी उलटसुलट लावून ऐकली तर अल्बमचा निम्मा परिणाम जातो.

एलपीवर ३४ मिनिटं म्हणजे एका बाजूला १७ मिनिटं. हे माप उत्तम. बारा इंची तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत खाचा सैलसर कापता येतात आणि आवाज भरदार राहतो. तरीही प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं थोडं धुरकट ऐकू येऊ शकतं. तबकडी फिरते त्याच गतीने, पण आत जाऊ तसा घेर लहान होतो आणि सुईखालून एका सेकंदात सरकणारी लांबी बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी होते. झांजा आणि 'स', 'श' हे उच्चार आधी बिघडतात. सगळ्या तबकड्यांवर असंच होत असेल तर सुई झिजली आहे किंवा तिचा कोन चुकला आहे. एकाच तबकडीवर होत असेल तर ती तबकडी झिजली आहे.

कोणती प्रत, कोणती सेटिंग

१९९१च्या सीडीमागे साधा हिशोब होता. सीडीवर ७४ मिनिटं मावतात आणि अल्बम ३४ मिनिटांचा. उरलेल्या जागेत सात इंची तबकड्या बसवल्या की दुर्मीळ गाणीही सगळ्यांच्या हाती येतात. लुकआउटने त्याच वर्षी ग्रीन डे या बँडच्या सुरुवातीच्या तबकड्यांचंही असंच एकत्र संकलन केलं. पुढे मानधन थकल्यामुळे ऑपरेशन आयव्हीने २००६मध्ये आपलं रेकॉर्डिंग लुकआउटकडून काढून घेतलं आणि २००७मध्ये टिम आर्मस्ट्राँगच्याच हेलकॅट रेकॉर्ड्सने ते नव्याने मास्टर करून (अंतिम आवाज पुन्हा बसवून) आणलं. म्हणजे बाजारात दोन घराण्यांच्या प्रती फिरतात. मागच्या बाजूला लेबलचं नाव वाचलं की कोणती ते कळतं. गाण्यांचे आकडे पाहा: १९ असतील तर 'एनर्जी', २७ असतील तर संकलन. विक्रेते दोन्हींना सर्रास 'एनर्जी' म्हणतात, कारण मुखपृष्ठांची शैली एकाच हातची आहे. बँडची चित्रं जेसी मायकल्स स्वतः काढायचा.

जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा होईल असा जुळवा. किंचित मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो, त्यामुळे हे न करता काढलेला निष्कर्ष फुकट जातो.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. शफल बंद. एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोयही बंद, कारण पावणेदोन मिनिटांच्या गाण्यातून दोन्ही टोकांची पाच-सहा सेकंदं गेली तर सुरुवातीचा बासचा तुकडाच हरवू शकतो. आवाज एकसारखा करणारी सोय चालू असेल तर ती गाण्यागणिक न ठेवता अल्बमगणिक ठेवा. मग २६-२७, २०-२५, १-१९ अशी स्वतःची यादी करून ठेवा. तारखांवर विसंबू नका. पडद्यावर १९९१ किंवा २००७ दिसलं तरी ती प्रत निघाल्याची वर्षं आहेत, वाजवल्याची नव्हेत.

शोधताना नावामुळे गोंधळ होतो तो वेगळाच. ऑपरेशन आयव्ही हे अमेरिकेने १९५२मध्ये एनेवेटाक बेटांवर केलेल्या अणुचाचण्यांचं सांकेतिक नाव. पहिला पूर्ण क्षमतेचा हायड्रोजन बॉम्ब त्याच मालिकेत, १ नोव्हेंबर १९५२ला फुटला. नुसतं नाव टाकलं की ढगांची छायाचित्रं येतात, म्हणून सोबत 'एनर्जी' किंवा जेसी मायकल्स हे शब्द टाका. १९९७चा 'टेक वॉर्निंग' नावाचा एक अल्बमही समोर येईल. त्यात याच बँडची गाणी आहेत, पण वाजवली आहेत दुसऱ्या बँडांनी.

थेट कार्यक्रमांच्या आणि तालमींच्या चोरट्या प्रतीही भरपूर आहेत. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत गेलेल्या टेपमध्ये प्रत्येक पिढीला सूं असा आवाज वाढतो, वरचे स्वर गळतात, आणि दोन यंत्रांचा वेग थोडा वेगळा असेल तर सगळं गाणंच चढतं किंवा उतरतं. तपासायचं असेल तर अधिकृत 'नॉलेज'शी सूर जुळवून पाहा. अर्ध्या स्वराचा फरक आला तर वेग जवळजवळ सहा टक्क्यांनी चुकलेला आहे. कुठल्याही साध्या ध्वनी-संपादकात तेवढाच वेग उलट दिशेने बदलला की ती प्रत ऐकण्याजोगी होते. फक्त सूर बदलणारी सोय वापरू नका, वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारीच वापरा. टेपवर बिघडले ते दोन्ही एकत्रच.

बँडचा शेवटचा जाहीर कार्यक्रम २८ मे १९८९ला गिलमन स्ट्रीटवरच झाला आणि त्या रात्री ग्रीन डेही वाजले. पुढच्या वर्षी 'स्लॅपी' या छोट्या तबकडीवर ग्रीन डेने 'नॉलेज' गायलं. ते मूळ गाण्याशेजारी लावून ऐका. तिथे बास कुठे कुठे कमी फिरतो ते मोजलं की फ्रीमन काय करत होता ते समजतं. आर्मस्ट्राँग आणि फ्रीमन यांनी १९९१मध्ये रॅन्सिड हा बँड काढला आणि 'नि'वरचा तोच कट १९९५च्या '...अँड आउट कम द वुल्व्ज'मध्ये पुन्हा ऐकू येतो. त्या अल्बमवर 'जर्नी टू द एंड ऑफ द ईस्ट बे' हे गाणं याच बँडबद्दल आहे. आधी २६व्या गाण्यापासून सुरुवात करून १९व्यापर्यंत पोचा, मग ते लावा.